मोठी छत्री घेण्यापूर्वीं

मृगाचा पाऊस सुरू झाला कीं घरोघरीं माळ्यावरून छत्र्या खालीं उतरतात. एकीची काडी निसटलेली, दुसरीची मूठ खिळखिळी झालेली, तिसरीच्या कापडास उंदरांनीं भोकें पाडलेलीं. मग दोनचार नव्या घेण्याचा विचार निघतो. लुगडें किंवा भांडें घ्यावयाचें तर जीं मंडळी दहा दुकानें पालथीं घालतात, तींच छत्री घेतांना रंग पाहतात, किंमत विचारतात आणि पैसे मोजून मोकळीं होतात. मापाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. केलीच तर "जरा मोठी द्या" एवढेंच सांगतात. मोठी म्हणजे किती, आणि मोठी ती कोणास, हा प्रश्न साठी उलटून जाईपर्यंत मींहि स्वतःस कधीं विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी कशी आली हें सांगण्यास संकोच वाटतो. परंतु तें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास कांहीं आधार उरणार नाहीं.

माझा पुतण्या स्कॉटलंडांत एडिनबरो येथें नोकरीस आहे. मागील वर्षीं सुटींत घरीं आला तेव्हां त्यानें आम्हांसाठीं एक गोल्फची छत्री आणली. निळें-पांढरें कापड, काळा गुळगुळीत दांडा, सरळ जाड मूठ, आणि खटका दाबतांच मांडव पसरावा तशी उघडणारी. "काका, आतां तुम्ही नि काकू एकाच छत्रींतून फिरायला जात जा," असें तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत अर्थ होता. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आमच्या सौभाग्यवतींस रस्त्यानें चालतांना माझा हात धरावा लागतो. दोघांच्या दोन छत्र्या झाल्या कीं मध्यें दोन हातांचें अंतर पडतें आणि तो आधार सुटतो. एका छत्रींत दोघें नीट मावलीं तर ही अडचणच उरणार नाहीं, असें मलाहि वाटलें.

आषाढांतील एका सायंकाळीं आम्ही डेक्कनकडून शहरांत परत येत होतों. लकडी पुलाच्या मध्यावर वाऱ्यानें गांठलें. नदीच्या पात्रावरून आलेला तो झोत छत्रीच्या पोटांत शिरला आणि छत्री वर ओढूं लागली. मीं दोन्ही हातांनीं दांडा पकडला. दोन्ही हातांनीं, म्हणजे जो हात सौभाग्यवतींनीं धरला होता तोहि मीं काढून घेतला. त्यांचा तोल गेला व त्या तळहातावर पडल्या. मनगटाचें हाड मोडलें, आणि सहा आठवडे हात प्लास्टरांत राहिला. छत्री मात्र उलटली नाहीं कीं तिची एक काडी वाकली नाहीं. त्या रात्रीं त्या मला एवढेंच म्हणाल्या, "अहो, छत्री सोडायची होतीत."

या वाक्यावर मीं पुष्कळ दिवस विचार केला. छत्री वाईट होती असें म्हणण्यास जागा नाहीं. ती उत्तमच होती, पण ज्या जागेसाठीं ती केली होती ती जागा लकडी पूल नव्हे. तेव्हां ती जागा कोणती, हें प्रथम पाहणें प्राप्त झालें.

गोल्फच्या पूर्ण मैदानावर अठरा भोकें असतात. एक फेरी पुरी करण्यास खेळाडूस सहासात किलोमीटर चालावें लागतें, आणि त्यांत चार तास सहज जातात. सेंट अँड्र्यूजसारखीं स्कॉटलंडांतील जुनीं मैदानें समुद्राकांठच्या वाळवट, गवताळ पट्ट्यांवर आहेत. तेथें आडोशास घर नाहीं, झाड विरळा, आणि समुद्रावरून येणारा पाऊस अंगावर घेत चालण्यावांचून गत्यंतर नाहीं. खेळाडूच्या थैलींत नियमानें चौदांपर्यंत काठ्या ठेवतां येतात. त्यांच्या मुठी ओल्या झाल्या तर काठी हातांत ठरत नाहीं. म्हणून छत्रीनें खेळाडू झांकावा, थैली झांकावी, आणि थैली वाहणारा कॅडी नामक गडी असेल तर त्यासहि थोडी जागा द्यावी, एवढी तिजकडून अपेक्षा असते. आजूबाजूस गर्दी नसते. वारा अनावर झाला तर छत्री मिटून थैलीस लावून टाकतां येते. अशा ठिकाणीं मोठेपणा हा गुणच ठरतो.

या खेळाचा एक नियम मला फार मार्मिक वाटला. खेळाडूनें स्वतःच्या एका हातानें डोक्यावर छत्री धरून दुसऱ्या हातानें फटका मारला तर त्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु पावसापासून किंवा उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून कॅडीनें अगर दुसऱ्या कोणी धरलेल्या छत्रीखालीं उभें राहून फटका मारणें निषिद्ध आहे, आणि तसें केल्यास दंड होतो. म्हणजे इतर वेळीं छत्रधर चालतो. कर्म करण्याच्या क्षणीं मात्र ज्याचें छत्र त्यानेंच सांभाळावें! आपल्या देशासहि हा खेळ नवा नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे, आणि आमच्या पुण्यांतहि येरवड्याकडे गोल्फचें मैदान आहे. पण ही छत्री आतां मैदानाबाहेर पडली आहे. कंपन्या आपलें नांव छापून ती भेट देतात, घरबसल्या मागविली तर दारांत येऊन पडते, आणि काठीसहि हात न लावलेलीं आमच्यासारखीं माणसें ती घेऊन पुलावरून चालूं लागतात.

छत्रधरावरून आठवलें म्हणून सांगतों. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत छत्रलक्षणाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत राजाच्या छत्राचा दांडा सहा हातांचा आणि विस्तार त्याच्या निम्मा, म्हणजे तीन हातांचा सांगितला आहे. चोवीस अंगुळांचा हात अठरा इंचांचा धरला तर हा विस्तार ५४ इंच भरतो. पुतण्यानें दिलेली छत्री मीं मापपट्टीनें मोजली ती एका टोंकापासून समोरच्या टोंकापर्यंत ५३ इंच भरली. दीड हजार वर्षांच्या अंतरानें राजाचें छत्र आणि गोल्फची छत्री एका इंचाच्या फरकानें एकाच मापाचीं निघावींत, याची मला गंमत वाटली. पण राजाच्या छत्राचा दांडा नऊ फुटांचा होता, हें विसरतां कामा नये. तें छत्र राजा स्वतः धरीत नसे. तें धरणारा निराळा असे, आणि त्याचे दोन्ही हात त्याच कामास वाहिलेले असत. आमच्या घरीं असा छत्रधर नाहीं. जो छत्रधर तोच राजा, आणि राणीचा हातहि त्यानेंच धरावयाचा. (पाणिनीनें छत्र शब्दापासूनच छात्र शब्द सिद्ध केला आहे; पण तो विषय निराळा, आणि शाळामास्तरास एकदां त्यांत शिरूं दिलें तर छत्री राहील बाजूला.)

आतां मापाकडे वळूं. येथें ग्राहकाची पहिली फसगत होते ती आंकड्यांत. आमच्या छत्रीच्या पट्टीवर ६२ इंच असें छापलेलें होतें, आणि मोजली तर ५३! प्रथम मला लबाडीचाच वास आला. पण लबाडी नव्हती. गोल्फच्या छत्र्यांवर पुष्कळदां जो आंकडा छापतात तो छत्रीच्या पाठीवरून, म्हणजे कापडाच्या फुगाऱ्यावरून, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मोजलेला असतो. तो धनुष्याचा आंकडा होय. आपल्या उपयोगाचा आंकडा दोरीचा. पाऊस अडवितो तो व्यास, पाठीचा फुगारा नव्हे. ६८ इंची म्हणून विकली जाणारी छत्रीहि सरळ मोजली तर अठ्ठावन्न-साठाच्या आसपासच भरते. आपल्या दुकानांतील नेहमींच्या छत्र्यांवर २१, २३, २५, २७ असे आंकडे असतात, ते तिसऱ्याच गोष्टीचे: ती काडीची लांबी होय. २३ इंची काडीच्या छत्रीचा खरा व्यास सुमारें ४१ इंच, २७ इंची काडीचा सुमारें ४८, आणि ३० इंची काडी आली कीं आपण गोल्फच्या छत्रींत शिरलों. तेव्हां एकावर २७ व दुसरीवर ६२ पाहून दुसरी दुपटीहून मोठी आहे असें समजूं नये. दुकानांत जातांना खिशांत मापपट्टी न्यावी, छत्री उघडावी व मधून सरळ मोजावी. दुकानदार हसेल, हसूं द्यावें.

मोठ्या छत्रीचा लाभ किती? पाऊस सरळ पडत असेल तर लाभ उघड आहे. प्रौढ मनुष्याचे खांदे सुमारें अठरा इंच रुंद असतात. दोघें जवळून चाललीं व मध्यें थोडें अंतर राखलें तर ४० इंच लागतात. ४१ इंचांच्या छत्रींत तीं जेमतेम मावतात आणि बाहेरची बाही भिजते. ५३ इंचांच्या छत्रींत दोन्ही अंगांस सहा सहा इंच उरतात. पण आपल्याकडील आषाढाचा पाऊस सरळ पडतो कोठें? मोठा थेंब सेकंदास सात ते नऊ मीटर वेगानें खालीं येतो, आणि ताशीं ३० किलोमीटरचा वारा त्याच थेंबास सेकंदास आठ मीटर वेगानें बाजूस लोटतो. दोन्ही वेग सारखे झाले म्हणजे पाऊस ४५ अंशांनीं तिरपा होतो. यालाच आपण वावझड म्हणतों.

आतां कागदावर आकृति काढून पाहा. छत्री सरळ धरली असतां वाऱ्याकडील कडेजवळून निसटलेला थेंब जितका खालीं येतो तितकाच आंत येतो. म्हणजे छत्रीखालीं मधोमध उभ्या असलेल्या मनुष्याचें, छत्रीच्या कडेपासून खालीं मोजतां, त्रिज्येइतकेंच अंग कोरडें राहतें. मोठीची त्रिज्या साडेसव्वीस इंच, लहानीची साडेवीस. एवढ्या अवाढव्य छत्रीनें मिळविलें काय, तर सहा इंच! एकीखालीं कमरेपासून भिजावें, दुसरीखालीं पोटापासून. खालचें सर्व दोन्हींकडे भिजणारच. छत्री वाऱ्याकडे कलती धरली तर थोडें अधिक वांचतें हें खरें. पण मग समोरचें दिसत नाहीं, आणि झोताची दिशा फिरली तर तो थेट पोटांत शिरतो.

या सहा इंचांची किंमत आपण वाऱ्यास देतों. वाऱ्याचा दाब छत्रीच्या क्षेत्रफळावर पडतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानें वाढतें. ५३ चा वर्ग आणि ४१ चा वर्ग यांचें प्रमाण काढलें तर मोठीचें क्षेत्रफळ पावणेदोनपटीजवळ जातें. छत्रीचें पोट वाऱ्याकडे पूर्ण उघडें झालें तर ताशीं ३० किलोमीटरच्या वाऱ्यांत लहान छत्री सुमारें पांच किलोच्या वजनाइतकी ओढते, मोठी आठ किलोच्या. आठ किलो मनुष्य एका हातानें कसेबसे पेलील. पण वाऱ्याच्या वेगाचाहि वर्गच होतो. झोत ताशीं साठाचा आला कीं ओढ चौपट होते: मोठीची बत्तीस किलो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मनगटाचें हें काम नव्हे, आणि दुसरा हात मदतीस आला नाहीं तर छत्री तरी जाते किंवा माणूस तरी. पुलावर त्या सायंकाळीं काय घडलें त्याचा हा हिशेब आहे. तो मीं प्लास्टर निघाल्यावर मांडला, आधीं मांडावयास हवा होता.

कांहीं गोल्फच्या छत्र्यांचें कापड दुहेरी असतें. वरच्या टोपीखालून वाऱ्यास वाट ठेवलेली असते. आमचीहि तशीच होती. ही युक्ति चांगली आहे, तिनें छत्री उलटण्याचें भय पुष्कळ कमी होतें, आणि मोठी छत्री घ्यावयाचीच असेल तर दुहेरीच घ्यावी. पण तिनें ओढ कमी होते, नाहींशी होत नाहीं. शिवाय पूर्वीं अशा वेळीं छत्री उलटून जात असे व मनुष्य सुटत असे. हल्लींच्या काड्या फायबरग्लासच्या. त्या वाकतात, मोडत नाहींत, गंजत नाहींत. सॅम्युएल फॉक्स नामक इंग्रजानें १८५२ सालीं पन्हळीच्या आकाराच्या पोलादी काडीचें पेटंट घेतलें तेव्हांपासून छत्री हलकी व बळकट करण्याचा प्रयत्न सारखा चालू आहे. तो इतका यशस्वी झाला आहे कीं, आतां छत्रीपेक्षां तिला धरणारा अगोदर हार खातो.

विजेविषयीं एवढेंच सांगतों कीं, दांडा धातूचा नाहीं म्हणून मोकळ्या मैदानांत छत्री घेऊन उभें राहणें सुरक्षित होत नाहीं. १९७५ सालीं शिकागोजवळ वेस्टर्न ओपन सामन्यांत ली ट्रेव्हिनो यासारखा नामांकित खेळाडू विजेच्या तडाख्यांत सांपडला होता. ढग गडगडूं लागले कीं छत्री कोणत्याहि मापाची असो, ती मिटून पक्क्या घरांत जावें.

रस्त्याचाहि विचार केला पाहिजे. ५३ इंचांच्या दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर त्यांस नऊ फूट जागा लागते. शहरांत एवढा पदपथ कोठें आहे तो मला कोणी दाखवावा. मोठ्या छत्रीचीं टोंकें बरोबर दुसऱ्याच्या डोळ्यांच्या पातळींत फिरतात. पेठेंतील बोळांतून मीं ती नेली तेव्हां मला प्रत्येक दहा पावलांवर "माफ करा" म्हणावें लागलें. पुढें पुढें मीं ती मिटून भिजत जाऊं लागलों. मिटल्यावरहि ती सव्वातीन फूट लांब, बसमध्यें न मावणारी.

मग घ्यावें काय? एकट्यानें शहरांत हिंडावयाचें असेल तर २३ इंची काडीची छत्री पुरे. ठेंगण्या बायकांस व मुलींस २१ इंची हातांस हलकी पडते. उंच, रुंद खांद्यांच्या किंवा पाठीवर पिशवी घेऊन जाणाऱ्या तरुणानें २५ इंची घ्यावी. आमच्यासारख्या, एकमेकांच्या आधारानें चालणाऱ्या दोघांस मी २७ इंची सांगेन: व्यास ४८ इंच, कापड दुहेरी, मूठ वांकडी. वांकडी मूठ अशासाठीं कीं, वारा पडला व छत्री मिटली कीं ती मनगटास अडकवून दोन्ही हात मोकळे राहतात; गोल्फच्या छत्रीची मूठ सरळ असते, कारण तिला अडकवावयाचें नसून थैलींत खोंचावयाचें असतें. घेतांना छत्री उघडून दुकानाच्या पायरीवर एका हातांत धरून उभें राहावें. कोपर दुखूं लागलें तर ती परत करावी, मग सोबत येणाऱ्यांस ती कितीहि आवडलेली असो.

मुलांविषयीं आयांचा एक समज आहे कीं, छत्री मोठी घेतली कीं मूल तिच्यांतच येतें. वरील आकृतींत मूल उभें करून पाहा. साडेतीन फुटांच्या मुलाचें डोकें छत्रीच्या कडेपासून दोन फूट खालीं असतें. तिरप्या पावसांत तें गोल्फच्या छत्रीखालींहि जवळजवळ सगळें भिजतें, आणि छत्री खालीं धरली तर आई भिजते. मुलास रेनकोट घालावा. कोंकणांत भातलावणीस वाकलेली बाई छत्री घेत नाहीं, इरलें घेते. तें डोक्यापासून पाठीवरून कमरेपर्यंत येतें, वाकलेल्या अंगाच्याच मापाचें असतें, आणि दोन्ही हात चिखलांत मोकळे राहतात. त्या बाईनें वर्ग-घन कांहीं केलेले नसतात, पण माप तिचें चुकलेलें नाहीं.

आमच्या गोल्फच्या छत्रीस मीं कांहीं टाकून दिलें नाहीं. ती दाराशीं उभी असते. पाहुणे रिक्षांतून उतरले कीं सूनबाई ती घेऊन फाटकापर्यंत जातात आणि तिघांना एकदम कोरडें आणतात. वीस पावलांच्या त्या अंगणांत भिंतींमुळें वारा नसतो. तेथें ती खरोखर राजाचें छत्र शोभते. पुतण्यास मीं घडलेलें कळविलें नाहीं. त्याच्या काकूंनीं तसें सांगितलें होतें.

यंदा ज्येष्ठांत आम्ही दोघें त्याच पुलावरून आलों. हातांत नवी सत्तावीस इंची होती. पुलाच्या तोंडाशींच वाऱ्याची पहिली झुळूक आली, तशी मीं छत्री मिटून मनगटास अडकविली. सौभाग्यवतींनीं बऱ्या झालेल्या हातानें माझा दंड धरला. एका बंद दुकानाच्या पत्र्याखालीं आम्ही पाऊण तास उभीं होतों. पाऊस उघडला तेव्हां पायांतील चपलांखेरीज विशेष कांहीं भिजलेलें नव्हतें.